भोकाचं मडकं

पुष्पावतीचं लग्न ठरलं तेव्हा काष्टीतल्या बायांनी तिला नवऱ्याबद्दल फारसं काही सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की त्याच्या घरात रेडिओ आहे. "भिंगारला क्वार्टरीत ऱ्हात्यात. लायटी हायेत. आन् घरात सवताचा रेडू," चुलती म्हणाली होती, जणू रेडिओशीच लग्न लागायचं होतं. काष्टीत रेडिओ होता तो चावडीवर, ग्रामपंचायतीचा. संध्याकाळी बाप्ये त्याच्यापुढं बसायचे. बायापोरींनी मागच्या गल्लीनं पाणी घेऊन जाताना कानावर पडेल तेवढं ऐकायचं. पुष्पावती मुद्दाम त्या गल्लीचा वळसा घालायची आणि उशीर झाला म्हणून आईच्या हातचा मार खायची. त्यामुळे नवरा कसा आहे हे तिनंही फारसं विचारलं नाही.

घरात रेडिओ होता, पण तो उघडलेला होता. बैठकीच्या खोलीत टेबलावर त्याची शिसवी पेटी पालथी घातलेली, आतला सांगाडा वर्तमानपत्रावर काढून ठेवलेला, आणि वायरी पार उंबऱ्यापर्यंत पसरलेल्या. माप ओलांडताना नव्या नवरीला पाय जरा जास्तच उचलावा लागला.

राधाकृष्ण छावणीतल्या एका वर्कशॉपात सामानाच्या गोदामावर होता. मिलिटरीचा जुना माल लिलावात निघायचा, त्यातलं काय काय फिरत फिरत भिंगारच्या जुन्या बाजारात भंगारवाल्यांकडे यायचं, आणि सुट्टीच्या दिवशी राधाकृष्ण तिथल्या ढिगापुढं उकिडवा बसलेला असायचा. हा रेडिओ तिथलाच. गोऱ्या साहेबांच्या वेळचा, वाल्वचा, उचलायला दोन माणसं लागतील असा. बटण फिरवलं की आधी आतले दिवे तापायचे, मग सावकाश, लांबून चालत आल्यासारखा आवाज यायचा. एव्हाना लोक ट्रान्झिस्टर घ्यायला लागले होते. सायकलच्या हँडलला अडकवून गाणी ऐकत फिरायचे. राधाकृष्णाला त्यांची कीव यायची.

"डबीत किडा कोंडलाय जणू," तो म्हणायचा. "आवाज कसा पाहिजे? समोर माणूस बसून गातोय असा."

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यानं बाजारातून चावीचा एक ग्रामोफोन उचलून आणला. कर्णा चेपलेला, स्प्रिंग तुटलेली. त्यानं चावी काढून टाकली, विजेची मोटर बसवली, जुन्या जाड सुईच्या जागी पुण्याहून मागवलेलं नवं पिकअप लावलं आणि त्याची वायर रेडिओच्या पाठीत खुपसली. मग नव्या तबकड्या त्या जुन्या रेडिओतून वाजायला लागल्या. नाट्यपदं, भावगीतं, सिनेमातली गाणी. पुणे केंद्र लावेल तेच ऐकायचं, असं राहिलं नाही. मनात येईल ते, मनात येईल तेव्हा. अख्ख्या क्वार्टर-लायनीत अशी सोय दुसऱ्या कुणाकडं नव्हती.

मनात कुणाच्या येईल, हे मात्र ठरलेलं होतं.

रविवारी सकाळी राधाकृष्णाचे मित्र यायचे. त्याच्याच खात्यातला गोरक्ष, एक हेडक्लार्क, आणखी दोघे-तिघे. सतरंजी अंथरली जायची. मग राधाकृष्ण स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणायचा, "मंडळी बसलीत. दार लोटून घे." पुष्पावती दार लोटून घ्यायची. दाराच्या अलीकडं स्टोव्ह फरफरत असायचा, आणि पलीकडून गाण्याचा नुसता गाळ यायचा. शब्द लागायचे नाहीत, सूर धड ओळखू यायचे नाहीत. चहा घेऊन ती आत जायची तेव्हा तेवढ्यापुरतं एखादं कडवं कानात पडायचं. कप ठेवायला ती वेळ लावते हे सासूच्या लवकरच ध्यानात आलं.

"बशा मोजती का काय तिथं?" छबूबाई म्हणायच्या.

एकदा तिनं नवऱ्याला विचारलं. जेवताना, तो खुशीत असताना. "एखादा कर्णा इकडंबी लावता येईल का हो? सैपाकघरात?"

राधाकृष्ण हसला. "फोडणीला गाणं लागतंय का तुझ्या?"

"कामं करता करता ऐकलं असतं."

"अगं, त्याला वेगळा स्पीकर लागतो, पेटी लागते. काय चुलीपाशी ठेवायची चीज आहे का ती?"

ओट्यावर बसलेल्या आप्पासाहेबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, हे ऐकलं होतं. आप्पासाहेबांची उभी हयात छावणीच्या तबेल्यात घोड्यांची निगा राखण्यात गेली होती. आता दम्यानं त्यांना ओट्यावर आणून बसवलं होतं. ते कुणाच्या अध्यातमध्यात नसत. पण घोड्याच्या कानावरून त्याचं मन ओळखणाऱ्या माणसाला सुनेचं मन ओळखायला फार कष्ट पडले नसावेत. चार दिवसांनी राधाकृष्णानं एक फाटका स्पीकर भंगारात परत द्यायला ओट्यावर टाकला, तेव्हा त्यांनी तो काठीनं हळूच आत, स्वयंपाकघराच्या बाजूला ढकलला.

"बघ गं," एवढंच म्हणाले.

स्पीकरचा काळा कागद बोटभर फाटला होता. पुष्पावतीनं बाभळीचा डिंक भिजवला, पतंगाच्या कागदाची पट्टी कापली आणि बनूच्या, तिच्या तान्ह्या लेकीच्या, पाळण्याला एका पायानं झोका देत ती फट सांधली. राहता राहिली पेटी. लाकूड कुठून आणायचं? तिच्या डोळ्यांपुढं मडकं आलं ते सहज. रिकाम्या मडक्यात तोंड घालून ओरडली नाही अशी मुलगी काष्टीत शोधून सापडली नसती. मडक्यात आवाज कसा घुमतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

पण वर्ष दुष्काळाचं होतं. नळाला पाणी यायचं ते करंगळीएवढ्या धारेनं, आणि धड मडकं म्हणजे घरातली लाखमोलाची चीज. कुंभाराला माती कालवायला पाणी नव्हतं, नवी मडकी येत नव्हती. म्हणून तिनं न्हाणीतलं गळकं मडकं घेतलं. त्याच्या पोटाखाली बारीकसं भोक पडलं होतं, त्यात चिंधी कोंबून छबूबाई ते राखेसाठी वापरत. त्याच्या तोंडावर स्पीकर बरोबर बसला.

"जोडून दे की तिला," आप्पासाहेब लेकाला म्हणाले. "तुजं काय जातंय?"

राधाकृष्णानं हसत हसत जोडून दिलं. आवाज आला, पण उशीत तोंड खुपसून कुणी गावं तसा. "बघितलं? मडक्यात काय गाणी वाजत असती का," असं म्हणून तो अंघोळीला गेला. पुष्पावती मडक्याशी बसून राहिली. मग तिनं चिंधी उपसून काढली. भोकातून फुंकरीसारखी हवा तिच्या बोटाला लागली आणि आवाज मोकळा झाला. तिनं भोकावर बोट ठेवलं, आवाज कोंडला. बोट काढलं, सुटला. पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. लहान मुलासारखा तिनं तो खेळ केला. मग स्पीकर काढला, मडकं भांडी धुतलेल्या पाण्यात भिजत घातलं आणि दुपारभर दाभण आणि जुनी कानस घेऊन ते भोक हळूहळू मोठं केलं. थोडं कोरायचं, स्पीकर ठेवून ऐकायचं, पुन्हा कोरायचं. मडकं तडकू नये म्हणून हात इतका हलका ठेवला होता की दंड भरून आले.

संध्याकाळी राधाकृष्ण कामावरून आला आणि उंबऱ्यातच थांबला. घरात कुणी बाई गात होती. मोठ्यानं नाही, पण भरल्या गळ्यानं. शिसवी पेटीत ती बाई कधी अशी गायली नव्हती. तो बूट न काढता आत आला, मडक्यापाशी वाकला, त्याच्या पोटावर हात ठेवून बघितला.

"हे काय केलंस?"

"भोक वाढवलं जरा."

त्यानं भोकावर बोट ठेवून ऐकलं, काढून ऐकलं. मग म्हणाला, "रविवारी बाहेर ठेवू हे. मंडळी चाट पडतील. तुला दुसरं करून देतो."

छबूबाईंना मडकं दिसलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "भोकाचं मडकं घरात ठिवत्यात? भोकाचं मडकं कुटं असतं ठावं न्हाई तुला? मसनात."

पुष्पावतीला ते ऐकून माहीत होतं, पाहून नाही. बायका स्मशानात जात नसत. मुलगा खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेला फेऱ्या घालतो, दर फेरीला मडक्याला दगडानं भोक पाडतात, आणि शेवटी ते पाठीमागं टाकून तो मागं न बघता चालू लागतो, असं तिनं ऐकलं होतं. पण भोकाचं मडकं म्हटल्यावर तिला आठवायचं ते दुसरंच. काष्टीला महादेवाच्या पिंडीवर टांगलेलं, थेंब थेंब गळणारं.

"म्हादेवावरबी भोकाचंच असतं, आत्याबाई," ती म्हणाली.

"मंग घाल पानी ह्येच्यात आन् टांग डोक्यावर," छबूबाई म्हणाल्या. "दुस्काळात लोकं फुटकं मडकं सांधून वापरत्यात, आन् ही सांधलेलं फोडती."

राधाकृष्णानं आईला गप्प केलं. "सायन्स असतंय ते आई. तुला नाही कळायचं."

रविवारी मंडळी खरोखरच चाट पडली. गोरक्ष तर मडक्याला कान लावून बसला. दार लोटलेलं होतं, पण गोरक्षाचा आवाज दार फोडून येण्यासारखाच होता. "राधाकृष्णा, लेका, डोकं आहे का कारखाना? मडकं कसं सुचलं तुला?"

पुष्पावतीचा हात किसणीवर थांबला.

"सुचलं आपलं," दाराआडून राधाकृष्ण म्हणाला. "जरा विचार केला."

ती संध्याकाळी काही बोलली नाही. वाटलं, इतक्या लोकांत बायकोचं नाव कसं घेणार. मित्रांपुढं बायकोचं नाव घेणारा नवरा तिनंही कुठं पाहिला होता?

मग दुसरं मडकं झालं, स्वयंपाकघरासाठी. ते गोरक्ष घेऊन गेला. तिसरं झालं, ते हेडक्लार्ककडं गेलं. बाजारात मडकी पुन्हा यायला लागल्यावर राधाकृष्ण स्वतः निवडून आणायचा, टिचकी मारून बघायचा आणि तिच्यापुढं ठेवायचा. "हे झालं की पुढचं तुझं." भोक पाडायचं काम तिचं. त्याच्या हातून एक मडकं तडकलं होतं. त्यानंतर त्यानं त्या कामात हात घातला नाही. पण वायर जोडताना मात्र तो लोकांपुढं बसायचा आणि भोक कुठं, केवढं, का, हे समजावून सांगायचा. ऐकून ऐकून ते त्याला इतकं पाठ झालं होतं, की त्याचा त्यालाही ते आपलंच वाटत असावं.

एका मेजरच्या बंगल्यावरून मडक्याची मागणी आली तेव्हा एक पेच पडला. बंगला लांब. मडकं सायकलवर नेलं तर फुटणार. राधाकृष्णानं ते उचलून खांद्यावर घेतलं आणि ओट्यावर आला. आप्पासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं आणि खोकत खोकत म्हणाले, "मी जित्ता हाय अजून. हितंच ठिव खाली."

खांद्यावर मडकं घेऊन चाललेला बाप्या म्हणजे काय, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. लायनीतल्या बायका दारात उभ्या होत्या. त्यानं घाईघाईनं मडकं खाली ठेवलं आणि हाक मारली, "पुष्पा, चुंबळ घे आणि चल."

बाईच्या डोक्यावरच्या मडक्याला कुणी काही म्हणत नाही. तो सायकल हातात धरून पुढं, ती मडकं घेऊन मागं. बंगल्याच्या व्हरांड्यात त्यानं मडकं तिच्या डोक्यावरून उतरवून घेतलं, धोतरजोडीसारखं दोन्ही हातांवर धरलं आणि आत गेला. ती पायरीशी उभी राहिली. आत वायरी जोडल्याचं कळलं, गाणं लागल्याचं कळलं. मग मेमसाहेबांचा आवाज आला. "अरे वाह. ये आयडिया किसका है?"

खिडकी उघडी होती. या खेपेला मध्ये दार नव्हतं, मित्र नव्हते. परका मुलूख, परकी भाषा. इथं सांगितलं असतं तर कुणी हसणार नव्हतं.

"मेरा, मॅडम," राधाकृष्ण म्हणाला.

आतून एका नोकरानं तिच्यासाठी चहा आणला, कान तुटलेल्या कपात. "तू मडकेवाली?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "व्हय."

येताना राधाकृष्ण शीळ घालत होता. अर्ध्या वाटेवर तिनं विचारलं, "माजं नाव सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"कुठं?"

"बंगल्यावर."

त्यानं सायकल थांबवली. त्याला खरंच समजलं नाही. "तुझं नाव? त्यांना काय करायचंय तुझ्या नावाशी? आपलं घर एक की नाही? मी सांगितलं काय न् तू सांगितलं काय."

घर एक होतं, पण मडकं अजून स्वयंपाकघरात नव्हतं. ते आलं आप्पासाहेबांमुळं. एक दिवस राधाकृष्ण कामावर गेलेला असताना त्यांनी काठी भिंतीला टेकली, धापा टाकत बैठकीत आले आणि तिथल्या त्या पहिल्या, गळक्या मडक्याकडं बोट दाखवून म्हणाले, "आत घिऊन चल तुजं मडकं." रेडिओच्या पाठीमागची वायर त्यांनी दाराच्या फटीतून ओढून आत घेतली, जागोजाग खिळे ठोकले. घोड्याचा लगाम ओवणारे हात होते, वायर कुठं लोंबली नाही. छबूबाई तांदूळ निवडत बघत होत्या.

"म्हातारपनी सुनंची हमाली करा," त्या म्हणाल्या.

"तिनं आपल्यासाटी थोडी केली का?" आप्पासाहेब म्हणाले. मग चुलीशेजारी फडताळाखाली ठेवलेल्या मडक्यापुढं ते भिंतीला टेकून बसले. "वाजिव गं. तुजं हाय, तूच वाजिव."

राधाकृष्णाला ते आल्यावर दिसलं. बापानं केलंय म्हटल्यावर त्यानं वायर तशीच राहू दिली.

ते चार-पाच महिने पुष्पावतीच्या आयुष्यातले बरे दिवस. दुपारी बाप्ये घरात नसत, तेव्हा ती तबकडी लावून मधलं दार स्वतःच्या हातानं सताड उघडायची आणि आत येऊन परातीपुढं बसायची. रेशनच्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, भाकरी थापताना सारखी फुटायची, कडा सांधता सांधता जीव मेटाकुटीला यायचा. पण मडकं गात असलं की तिला घाई नसायची. बनू मडक्याच्या पोटाला गाल लावून झोपी जायची. आप्पासाहेब ओट्यावरून उठून आत येऊन बसायला लागले. डोळे मिटून ऐकायचे, आणि मधेच विचारायचे, "ह्येच्यात काय म्हन्ली ती?" मग पुष्पावती त्यांना शब्द सांगायची.

आप्पासाहेब गेले ते त्याच भिंतीला टेकून, भर दुपारी, गाणं चालू असताना. पुष्पावतीला वाटलं, डोळा लागलाय. तबकडी संपून सुई खरखरायला लागली तरी ते हलले नाहीत तेव्हा ती जवळ गेली.

राधाकृष्णानं खांद्यावर मडकं घेतलं. बायका लायनीच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

तेराव्याला घर माणसांनी भरलं. पाथर्डीकडून राधाकृष्णाची थोरली बहीण रंगुबाई आली होती, ती दहाव्यापासून मुक्कामालाच होती. बाई कामाला वाघ आणि तोंडाला आग. पंगती उठल्यावर ती भांडी ठेवायला स्वयंपाकघरात गेली आणि फडताळाखालचं मडकं ओढून बाहेर घेऊन आली. बैठकीत सगळी बसली होती. भिंतीशी छबूबाई, गोरक्ष, हेडक्लार्क, भावकीतली चार माणसं. रेडिओवर चादर टाकलेली होती.

"चुलीपाशी हुतं," रंगुबाई म्हणाली. तिनं भोकात बोट घातलं आणि सगळ्यांना दिसेल असं मडकं वर धरलं. "आन् आप्पा कुटं गेले म्हन्ता? ह्येच्या म्होरं. कुनी पाडलं ह्ये भोक?"

भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं तोंडातली सुपारी चघळायची थांबवली.

"मी इचारते, जित्त्या मानसाच्या घरात मसनातलं मडकं कुनी आनलं? कोन एवडं शानं हाय?"

पुष्पावती दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तुळतुळीत डोकं, खाली गेलेली मान. वर्षभर जो तो ज्याच्या डोक्याचं कौतुक करत होता, ते डोकं. तो सतरंजीचा दोरा उपटत होता.

"मी कुठं पाडलं," राधाकृष्ण म्हणाला. "पुष्पानं पाडलं."

"तूच म्हनं समद्यांला करून देतो."

"नाही. तिचीच कल्पना होती. पहिल्यापासून." आता तो भराभर बोलायला लागला. "गळकं मडकं घेतलं तिनं, भोक मोठं केलं. सगळ्या मडक्यांची भोकं तिनंच पाडलीत. विचार तिला. माझ्या हातून एकसुद्धा झालेलं नाही. आई नको नको म्हणत होती, ऐकलं नाही हिनं."

इतकं सविस्तर, इतकं खरं, तो तिच्याबद्दल कधी बोलला नव्हता. एकेक गोष्ट जिथल्या तिथं. बंगल्याच्या पायरीशी उभी राहून तिला जे ऐकायचं होतं ते सगळं त्यात होतं.

पुष्पावतीनं छबूबाईंकडं पाहिलं. वायर कुणी ओढली, खिळे कुणी ठोकले, "तुजं हाय" कोण म्हणालं, हे डोळ्यांनी पाहिलेल्या त्या घरात आता दोघीच होत्या. छबूबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला.

"व्हय," पुष्पावती म्हणाली. "मीच पाडलं."

गोरक्ष घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे वहिनी, आमच्याकडचं पण...?"

"तुमच्याकडलंबी. ह्यांच्याकडलंबी," तिनं हेडक्लार्ककडं हात केला. "मेजरच्या बंगल्यावरलंबी. समदी माजीच हायेत."

राधाकृष्णाचे खांदे जरा सैल झाले, ओझं उतरलेल्या माणसाचे होतात तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरक्षाची बायको मडकं घेऊन आली. आत आली नाही, ओट्यावर ठेवून गेली. दुपारपर्यंत हेडक्लार्ककडचं आलं. संध्याकाळी आणखी दोन. कुणी हाक मारली नाही. घरातली माणसं येता-जाता मडक्यांना वळसा घालून चालायला लागली. मेजरच्या बंगल्यावरचं तेवढं आलं नाही. तिथल्या लोकांना भोकाच्या मडक्याचं काही वाटत नसावं, किंवा त्यांना कुणी कळवलंच नसेल.

"जिनं पाडली तिनंच फोडायची," रंगुबाईनं सांगितलं. "लायनीमागच्या वढ्यात. आन् अंगुळ करून घरात यायचं."

पुष्पावती मडकी एकेक करून ओढ्यावर घेऊन गेली. राधाकृष्ण पकड आणि पेचकस घेऊन आधीच जाऊन बसला होता. "थांब, स्पीकर काढून घेऊ दे," तो हळू आवाजात म्हणाला. प्रत्येक मडक्याचा स्पीकर त्यानं अलगद सोडवला, फडक्यानं पुसला, पिशवीत ठेवला. तिचा डिंकानं सांधलेला स्पीकरही ठेवला. मग तो थोडा लांब जाऊन उभा राहिला. मडकी फुटायला काहीच वेळ लागला नाही. शेवटचं हातात असताना त्याला वाटलं असावं की काहीतरी बोलायला हवं.

"लोकांचं तोंड धरता येतं का," तो म्हणाला. "मनाला लावून घेऊ नको."

"न्हाई," ती म्हणाली, आणि ते फोडलं.

वर्षश्राद्ध झाल्यावर रेडिओवरची चादर निघाली. राधाकृष्णानं सुताराकडून लाकडी पेट्या करून घेतल्या, चांगल्या पॉलिशच्या. त्याच स्पीकरांवर तीच गाणी वाजायला लागली. रविवारी मंडळी पुन्हा यायला लागली, दार पुन्हा लोटलं जायला लागलं. स्वयंपाकघरातली वायर रंगुबाईनं तेराव्याच्याच आठवड्यात उपटून टाकली होती. खिळे तेवढे भिंतीत राहिले होते. पुष्पावती त्यांना चाळणी, झारा, असं काहीबाही अडकवायची.

एका रविवारी मंडळी लवकर उठून गेली. राधाकृष्ण स्वयंपाकघरात आला. असा तो कधी येत नसे. पाट ओढून चुलीसमोर बसला.

"पेटीतनं तसा आवाज निघत नाही," तो म्हणाला. "गोरक्षपण म्हणत होता. कोंडल्यासारखं वाटतं."

ती भाकरी थापत होती.

"मागच्या फळीला एक भोक पाडून बघावं म्हणतो. लाकडाला काय, कुणी काही म्हणणार नाही." त्यानं हवेत बोटानं गोल काढला. "केवढं होतं गं ते? आणि कुठं बरोबर? पोटाखाली होतं ना?"

पुष्पावतीनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मडक्याच्या गळ्यापासून किती खाली, बोटाचं कुठलं पेर आत जाईपर्यंत कोरायचं, आवाज मोकळा झाला हे हवेच्या कुठल्या फुंकरीवरून ओळखायचं, हे तिच्या हातांना अजून ठाऊक होतं.

"ध्यानात न्हाई," ती म्हणाली.

"असं कसं? इतकी पाडलीस."

"मी कुटं पाडली? तुमीच सांगत हुता समद्यांला केवडं, कुटं. तुमाला ठावं असंल."

तो उठून बैठकीत गेला. थोड्या वेळानं लाकडाला गिरमिट लावल्याचा आवाज यायला लागला. तिनं भाकरी उलटली आणि तो आवाज ऐकत बसली. भोक फार वर पडत होतं. आवाजावरूनच तिला ते कळत होतं.